पळालेला पाळक

चर्चच्या किल्ल्या कायम तिच्या कमरेला असायच्या, म्हणून सगळी वस्ती तिला किल्लीकाकू म्हणायची. तिचं खरं नाव विचारलं असतं तर तिच्या सुनेलासुद्धा क्षणभर आठवावं लागलं असतं. बाटल्यांच्या कारखान्यामागे चार गल्ल्या होत्या, त्यांच्या टोकाला छोटंसं चर्च, आणि चर्चमध्ये दोन रांगांत मिळून चौदा बाक. ते पुसायचे, फुलदाणीतलं पाणी बदलायचं, रविवारी घंटा वाजवायची, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. बाक तिच्या नवऱ्यानं केलेले होते. तो सुतार. "तुम्ही बसवता आणि मी पुसते, मग पाळकाला काय काम उरलं?" असं ती त्याला चिडवायची. तो रंधा न थांबवता म्हणायचा, "बसलेल्यांना झोप लागू द्यायची नाही. एवढं काम पुष्कळ आहे त्यांना."

पाळक पस्तिशीचा होता आणि सडाफटिंग. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या चार पेट्या होत्या. बोलायचा साधं. जड शब्द नाहीत, हातवारे नाहीत. आठवडाभर भट्टीपुढे भाजून निघालेली माणसं रविवारी त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवून बसायची, ही सुताराच्या मते मोठीच गोष्ट होती. पाळकाचं आवडतं सांगणं एकच असायचं. माणूस देवाशी बेइमान होतो, आज होतो, उद्या पुन्हा होतो, पण देव दिलेला शब्द फिरवत नाही.

"काकू, हे कळायला सोपं आहे, पटायला अवघड," तो एकदा तिला म्हणाला होता.

"मला तर पटलेलंच आहे," ती म्हणाली होती. तोवर तिच्यावर काही बेतलं नव्हतं.

त्याचं एक गुपित तिला ठाऊक होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. वर्षातून एकदा, एका ठरावीक तारखेला, तो तिला चार फुलं जास्त ठेवायला सांगायचा. पहिल्या वर्षी तिनं कारण विचारलं. "आईचा दिवस," तो म्हणाला. "मी इथं यायच्या आधीच गेली." दुसऱ्या कुणाला त्यानं ते सांगितलं नव्हतं. तो स्वतःबद्दल बोलणारा नव्हताच.

मग तापाची साथ आली. पहिल्या आठवड्यात चार माणसं गेली. पाळकानं चौघांच्याही मातीला प्रार्थना म्हटली, पण शेवटच्या वेळी त्याच्या हातातलं पुस्तक हलत होतं, ते काकूनं पाहिलं होतं. मृतांच्या पेट्या सुतारानं केल्या. चौथी पेटी करून घरी आला तो अंगावर पांघरूण मागतच आला.

दोन दिवसांनी त्याला श्वास पुरेना. काकूनं सुनेला पाळकाकडे पाठवलं. सून परत येऊन म्हणाली, "आलोच म्हणाले."

सुतार भिंतीकडे तोंड करून पडला होता. "साहेब आले का?"

"येतायत," काकू म्हणाली.

दिवेलागणीची वेळ झाली, उलटून गेली. पाळक आला नाही. सकाळी त्याच्या खोलीला कुलूप होतं. गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर हा चर्चच्या पंचांचा प्रमुख. त्याच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवलेली होती. ती त्यानं चर्चच्या पायरीवर उभं राहून वाचून दाखवली. आई अत्यवस्थ आहे, मला तातडीनं निघावं लागत आहे, देव तुमच्याबरोबर आहे.

"बरं झालं," भट्टीवाला म्हणाला. तो कारखान्यात भट्टीवर होता आणि त्याची जीभही तशीच तापलेली असायची. "देवाला आमच्याजवळ ठेवून साहेब गाडीत बसले. हे पाळक नव्हेत, पळक आहेत."

तेव्हापासून वस्तीत त्याचं नाव पळक पडलं.

कंपाउंडर म्हणाला, "आईसाठी गेलेत बिचारे, असं बोलू नये." काकू तिथेच उभी होती. मेलेली आई पुन्हा आजारी कशी पडते, एवढं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. पण लाज तिलाच वाटली, जणू ते खोटं तिनंच लिहिलं होतं. ती खाली मान घालून घरी आली.

सुतार आणखी तीन दिवस जगला. रोज विचारायचा, साहेब आले का. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "नाहीत ना आले? भ्यायले असतील." मग थोड्या वेळानं, "मीपण भ्यायलोय गं."

तिनं प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. सव्वीस वर्षं ज्या प्रार्थना ऐकत ती बाक पुसत आली होती, त्यातली एकही धड आठवेना. शेवटी ती म्हणाली, "देवा, हा माझा नवरा. ह्याला घे, आणि नीट घे." तेवढंच. त्याच्यासाठी पेटी करणारं कुणी राहिलं नव्हतं. तिच्या दिरानं चर्चमधला शेवटचा बाक उचकटला आणि त्याच्या फळ्यांची कशीबशी पेटी ठोकली. कंपाउंडरलाही तोवर ताप चढला होता, त्यामुळे कबरीजवळ कुणीच काही म्हटलं नाही. फावड्यांचा आवाज तेवढा झाला.

साथ ओसरेपर्यंत आणखी दहा जण गेले. भट्टीवाल्याची नऊ वर्षांची मुलगी गेली, शाळेच्या बाईंचा भाऊ गेला. सुतार धरून अकरा माणसं, आणि अकराही तशीच मातीत गेली, प्रार्थनेवाचून.

काकूनं देवाशी अबोला धरला. काम तिनं सोडलं नाही. किल्ली लावायची, दार उघडायचं, तेरा बाक पुसायचे. पण तोंडातून त्याच्यासाठी एक शब्द काढायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. घरी सून, दोन नातवंडं, एकच खोली. मुलगा जहाजावर. घरात रडायची सोय नव्हती. मग ती रोज सकाळी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची, पदर तोंडावर घ्यायची आणि पोटभर रडून घ्यायची. डोळे पुसून झाले की बाक पुसायला घ्यायची.

असे सात महिने गेले. महिन्यातून एक रविवार दुसऱ्या गावचे पाळक येऊन उपासना घेऊन जायचे. नवा कायमचा पाळक लवकरच येणार, असं कंपाउंडर सांगत होता.

एका दुपारी काकू चर्चच्या बाजूच्या पायरीवर बादलीत फडकं पिळत बसली होती. समोर सावली पडली.

"काकू."

तिनं मान वर केली. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला. तिनं त्याला आवाजावरूनच ओळखलं.

"पुस्तकं न्यायला आलोय," तो म्हणाला. "नवे पाळक येतील, त्यांना खोली लागेल."

"आई कशी आहे?" काकूनं विचारलं.

त्यानं नजर खाली घातली. "तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मेलेली बाई आजारी पडली म्हणून?"

तो पायरीच्या खाली जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "अजून एक गोष्ट आहे. ती तुम्हाला न सांगता पुस्तकं घेऊन गेलो असतो, तर मी आणखीच... त्या संध्याकाळी मी आलो होतो. तुमच्या दारापर्यंत."

काकूचे हात थांबले.

"खिडकी उघडी होती. त्यांनी विचारलं, साहेब आले का. तुम्ही म्हणालात, येतायत. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, काकू. एक पाऊल आत टाकायचं होतं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि माझे पाय मागे वळले. खोलीवर जाऊन चिठ्ठी लिहिली, गाडी पकडली. कुठली गाडी, तेही बघितलं नाही."

बादली काकूच्या हातून सुटली की तिनं ढकलली, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. गढूळ पाणी त्याच्या अंगावर, पायांवर पसरलं. तो जागचा हलला नाही.

"चालते व्हा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट तळाशी गेला होता. "तुमची पुस्तकं मी दिराच्या हातून पाठवीन. पण या दारात पुन्हा दिसायचं नाही. तीन दिवस तो माणूस तुमचं नाव घेत होता. तीन दिवस! उठा आधी."

तो उठला आणि ओल्या कपड्यांनिशी गल्लीतून चालत गेला. नळावरच्या बायकांनी त्याला ओळखलं. "अगंबाई, पळक!" कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी हसल्या. एक हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं नेहमीसारखं कुलूप काढलं आणि दुसऱ्या बाकावर बसली. आज रडू येत नव्हतं, कारण राग अजून उतरला नव्हता. आदल्या दिवशीचं आपलं बोलणं ती मनात पुन्हा पुन्हा घोळवत होती, आणि दर वेळी त्यात एखादा झणझणीत शब्द भरत होती. या दारात पुन्हा दिसायचं नाही. बरोबर बोललो आपण. दारात उभं करायच्या लायकीचा आहे का तो?

मग तिची नजर दाराकडे गेली. उघडं होतं. तिनंच उघडलं होतं. सात महिने रोज ती ते उघडून आत येत होती. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच घरात येऊन रडत होती. त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. मनात त्याला नाही नाही ते म्हणत होती. आणि सात महिन्यांत एकदाही तिला इथून कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. एक दिवससुद्धा हे दार तिला परकं वाटलं नव्हतं.

अबोला तिनं धरला होता. त्यानं धरला नव्हता.

हे तिला आवडलं नाही. खरं तर तिला त्याचा रागच आला. पण एकदा दिसलं ते न दिसल्यासारखं करता येईना. ती उठली आणि फडकं हातात तसंच घेऊन निघाली.

पाळक स्टँडवर होता. पत्र्याच्या शेडखाली, टोकाच्या बाकड्यावर. कपडे अंगावरच वाळले होते.

"उठा," ती म्हणाली.

"जातोच आहे, काकू. आठची गाडी आहे."

"गाडीत नाही. कबरस्तानात जायचंय. अकरा माणसं प्रार्थनेवाचून मातीत घातलीत आम्ही. आधी ते काम करा, मग गाडी पकडा नाहीतर विमान पकडा."

त्यानं मान हलवली. "मी कोणत्या तोंडानं तिथं उभा राहू?"

"एकच तोंड आहे ना तुम्हाला? त्याच तोंडानं."

"तुम्हाला कळत नाही, काकू. मी फक्त तुम्हाला सोडून नाही पळालो. मी त्याला सोडलं. देवाला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल बोललो, त्याच्यावर माझा दोन हातांएवढाही भरवसा नव्हता."

"तुम्ही सोडलंत, कबूल," काकू म्हणाली. "त्यानं सोडलं, असं त्यानं कुठं कळवलंय का? त्याची चिठ्ठी आली का, माझी आई आजारी आहे म्हणून?"

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. शेडमधली दोनचार माणसं वळून बघू लागली. काकू त्याच्यासमोर फडकं धरून उभी राहिली. मग तिला ते फडकं किती मळलेलं आहे ते दिसलं आणि तिनं मागे घेतलं.

"तुम्ही मला माफ केलंत?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उगाच खोटं कशाला बोलू? काल तुम्हाला माझ्या घरातून हाकललं असतं तर आज मी आलेच नसते. पण ते घर माझं नव्हतं. मी तिथली झाडणारी. दुसऱ्याच्या घरातून माणूस हाकलायचा मला अधिकार नाही. म्हणून आलेय. चला."

त्या संध्याकाळी तो कंपाउंडरच्या घरी पंचांसमोर उभा राहिला. आईबद्दलचं खोटं त्यानं स्वतःच सांगितलं. कंपाउंडरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानं सात महिने या माणसाची बाजू घेतली होती, आणि ते आता त्याला झोंबत होतं. "व्यासपीठ तुम्हाला परत मिळणार नाही," तो म्हणाला.

"मागायला आलो नाही."

"आणि कबरस्तानात लोक आले नाहीत तर?"

"तरी जाईन."

शनिवारी दुपारी, दिवसपाळी सुटल्यावर, लोक आले. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त. भट्टीवाला आला, त्याची बायको आली नाही. शाळेच्या बाई आल्या, पण फाटकाबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या.

तो एकेका कबरीपाशी थांबत गेला. हातात पुस्तक होतं आणि ते पुन्हा हलत होतं, पण या वेळी त्यानं ते लपवलं नाही. भट्टीवाल्याच्या मुलीच्या कबरीपाशी तो गुडघ्यांवर बसला. भट्टीवाला त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. हा आता हात उचलतो की काय, असं सगळ्यांना वाटलं. भट्टीवाला नुसता उभा राहिला, प्रार्थना संपेपर्यंत.

बाईंच्या भावाच्या कबरीपाशी त्यानं तोंड उघडलं आणि फाटकाबाहेरून आवाज आला. "त्याचं नाव तुम्ही घेऊ नका."

तो थांबला. पुस्तक मिटून दोन पावलं मागे झाला. काय करावं कुणाला सुचेना. मग कंपाउंडरनं घसा खाकरून सुरुवात केली, आणि बाकीच्यांनी जशी आठवेल तशी, अडखळत, एकमेकांच्या शब्दांत शब्द मिसळत ती प्रार्थना पुरी केली. बाई वळल्या नाहीत. पण निघूनही गेल्या नाहीत.

सुताराची कबर शेवटी होती. तिथं त्याला शब्दच फुटेना. काकू वाट बघत राहिली. या क्षणी हा पुन्हा पळाला असता तरी तिला नवल वाटलं नसतं.

"हे मला बोलावत होते," तो अखेर म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी दारापर्यंत आलो होतो आणि परत गेलो. आज आलोय." मग त्यानं प्रार्थना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता.

काकूच्या मनातली गाठ सुटली नाही. सैल झाली, इतकंच. लोक पांगल्यावर ती एकटी कबरीपाशी राहिली आणि सात महिन्यांनी देवाशी पहिल्यांदा बोलली. आभारबिभार मानले नाहीत. म्हणाली, "ऐकतोयस ना? भांडण मिटलेलं नाही आपलं. पण बोलायला लागलेय मी, एवढं लक्षात ठेव."

तो आठच्या गाडीनं गेला नाही, त्यानंतरच्याही नाही. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात त्याला काम मिळालं. बाटल्या पेंढ्यात गुंडाळायच्या, खोक्यात उभ्या रचायच्या. नवा पाळक आला, चांगला होता. जुना रविवारी मागे बसायचा, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सर्वांत शेवटी उठायचा. काही जण त्याच्याशी बोलायचे, काही जण नाही. बाईंनी त्याला कधी ओळख दिली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही. वस्तीत त्याला पळक म्हणायचेच. पुढे पुढे तर म्हणणाऱ्याच्या आवाजात रागही राहिला नाही.

वर्षभरानं एका दुपारच्या सुट्टीत भट्टीवाला पॅकिंग खात्यात आला. तोंडाचा घाम पुसत खोक्यांमध्ये उभा राहिला.

"आमच्या घरी याल का?"

"कशाला?"

"बायको चर्चची पायरी चढत नाही. पोरगी गेल्यापासून. म्हणते, मी देवाला शिव्या घातल्यात, आता तिकडे कशी जाऊ."

"नव्या पाळकांना सांगा. मी आता पाळक नाही."

"ठाऊक आहे. ते येऊन गेले. चांगले आहेत. पण त्यांच्या हातून अजून काही मोडलेलं नाही. ती त्यांच्यासमोर नुसती हो हो म्हणते."

ते दोघं गेले तेव्हा बायको इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही. भट्टीवाला दाराशीच थांबला. हाही दाराशी थांबला, आणि मग त्यानं आत पाऊल टाकलं.

"मी त्याला काय काय बोलले, तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मी म्हटलं, तू मेलास. माझी पोरगी गेली, तसाच तूही गेलास मला."

इस्त्री सदऱ्यावरून फिरत राहिली.

"त्यानं ऐकलं असेल?"

"ऐकलं असेल."

"मग?"

"मग काय, मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी त्याचा नोकर होतो, त्याच्या नावानं सगळ्यांना धीर द्यायचो, आणि ऐन वेळी तोंड फिरवून पळालो. तो अजून माझा आहे. कसा, ते पूर्वी मला छान सांगता यायचं. आता येत नाही. पण आहे. तुम्ही तर त्याच्या तोंडावर बोललात. मी पाठ फिरवली होती."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"माझ्या पोरीबद्दल काय माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या बाकावर बसायची. माझं बोलणं लांबलं की बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायची. एवढंच."

तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"तेवढंच नव्हतं," ती म्हणाली. टेबलाखालचं स्टूल तिनं पायानं त्याच्याकडे ढकललं. "बसा. वेळ लागेल."